बॅटरीकाका आणि न पाहिलेले शेवट

बॅटरीकाकांनी हजारो सिनेमे पाहिले आणि त्यातला एकही पूर्ण पाहिला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना मान अशी ताठ करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आता यांचा सत्कारच करायला हवा.

चौकातल्या जुन्या थिएटरात ते डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अंगात खांद्यावर उसवलेला खाकी कोट. सिनेमा सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांची रीघ लागायची, आणि त्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवता पोचवता नायकाचं बालपण संपून जायचं. शेवटाचं तर नावच नको. गर्दी उठायच्या आत सगळी दारं सताड उघडी हवीत, असा त्या थिएटरचा कडक नियम होता. म्हणजे पडद्यावर संगीत चढायला लागलं की काकांनी उठायचं, जाड पडदे सारायचे, कड्या काढायच्या, दारं भिंतीतल्या हुकांना अडकवायची आणि व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. आत नायिका मरते आहे की लग्न करते आहे, हे त्यांना लोकांच्या हुंदक्यांवरून नाहीतर शिट्ट्यांवरून ओळखावं लागे. "डोकं नाही, शेपूट नाही," ते म्हणायचे, "सिनेमाचं पोट तेवढं माझ्या वाट्याला."

शेपूट काकूंकडे होतं.

काकू त्याच थिएटरात तिकीटखिडकीत बसायच्या. मध्यंतर उलटून गेलं की तिकीट मागायला कोण येणार? मग त्या खिडकीची फळी पाडायच्या आणि आत येऊन शेवटच्या रांगेमागच्या भिंतीला टेकून उरलेला सिनेमा उभ्यानं बघायच्या. दोघांचं जमलं तेव्हा मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरनं सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं होतं की दाराचं आणि खिडकीचं लग्न ठरलंय, आता कुणीतरी भिंती बांधा म्हणजे घर झालं.

संध्याकाळचा शो सुटला की दोघं नदीकाठच्या रस्त्यानं चालत घरी निघायची. आणि या वाटेवर काकू शेवट सांगायच्या. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे हे सांगणं काय चीज होती ते मला ऐकून माहीत आहे. थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं तरी काकूंचे शेवट चालूच होते, जिन्यात, गच्चीवर, भाजी निवडताना. घाई म्हणून नाही. एखादा धक्का द्यायचा असला की त्या चालता चालता थांबायच्या, पदर सारखा करायच्या, आणि काकांनी "मग?" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायच्या नाहीत. काकांचं काम एवढंच. "हं" आणि "मग?" नटाला समोर असा माणूस मिळाला तर तो जन्मभर दुसरं काही मागणार नाही.

उन्हाळा संपता संपता काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

सगळं गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, असं ताई म्हणायची. ताई म्हणजे त्यांची मुलगी. दूरच्या शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. दोन शब्द उरले होते. 'हो' आणि 'ते'. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. थंडी वाजतेय? हो. पांघरूण काढू? हो. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना पुष्कळसं कळतंय, पण आतून निघालेला शब्द तोंडापर्यंत येईतो हरवतो आणि त्याच्या जागी हे दोनच बाहेर पडतात. शिवाय त्या अचानक हसायच्या, अचानक रडायच्या. तेही आजारातलंच, त्यातून अर्थ काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. काका मान हलवून घरी आले. पण ज्या माणसानं सगळा संसार एका बाईच्या तोंडाकडे बघत केला, त्याला अर्थ काढू नका म्हणून सांगायचं, म्हणजे काय सांगायचं?

बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम घरी यायच्या. गोड स्वभावाच्या, पण शिस्तीच्या. थंडीच्या सुट्ट्या लागल्या तशा त्याही आपल्या आईकडे निघाल्या आणि जाताना काकांना घरचा अभ्यास देऊन गेल्या: ओळखीचं काहीतरी दाखवा, जुने सिनेमे दाखवा, मधेच थांबवा, पुढे काय होतं ते विचारा, आणि मग वाट बघा. शब्द तुम्ही तोंडात घालायचा नाही. कितीही जीव तुटला तरी नाही.

"वाट बघायचं मला सांगू नका," काका म्हणाले. "तीच तर माझी नोकरी होती."

त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी नळातून पाणी यायच्या आधी नुसती घरघर यायची. खिडक्यांच्या फटींना लोकांनी कागद चिकटवले होते. रस्त्यावर दिसेल तो माणूस स्वतःला मिठी मारून चालायचा. काकांच्या घरात हीटर एकच, काकूंच्या खोलीत. त्यामुळे ताई, तिचा नवरा आणि पाच वर्षांची लेक सुट्टीला आले ते त्या एका खोलीतच राहायला आल्यासारखे. टीव्हीही उचलून तिथेच नेला. पलंगावर काकू उशांना टेकून, पायथ्याशी नात, जमिनीवर गादीवर ताई आणि जावई, आणि दाराजवळच्या स्टुलावर काका. स्टूल दाराजवळच का, तर तिथेच त्यांना बरं वाटतं म्हणून. हातातलं काम उरकलं की मीही तिथेच जाऊन टेकायचे.

जावयाला सिनेमाचं वेड. त्यानं पेनड्राइव्हमध्ये जुने-नवे सिनेमे भरून आणले होते, आणि प्रत्येक सिनेमाआधी तो थोडं भाषण करायचा. काका त्याला जावईबुवा म्हणायचे आणि भाषण संपेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे.

पण ताई नुसती सुट्टीला आली नव्हती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेले तर स्वयंपाकघरात बाप-लेक समोरासमोर उभे होते, आणि मला बघून कुणी गप्पही झालं नाही. तिच्या शहरात एक केंद्र होतं, अशाच पेशंटसाठी. तिथे जागा मिळाली होती. सुट्टी संपली की आईला घेऊन जायचं, सहा-आठ महिने तिथेच ठेवायचं, रोज व्यायाम, रोज बोलण्याचे वर्ग. आणि बाबा? तिच्या घरी दोन खोल्या, त्यात सासूबाई. बाबांनी मधूनमधून यावं, भेटून जावं. भेटायची वेळ दुपारी तासभर.

काकांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की ती इथेच बोलेल. सुट्टी संपायच्या आत बोलेल.

ताई दमलेली होती. दमलेल्या माणसासारखंच तिनं सरळ विचारलं, "काय बोलली म्हणजे बोलली असं धरायचं, बाबा? ते आत्ताच ठरवा. नाहीतर ती खोकली तरी तुम्ही म्हणाल बोलली."

काका विचारात पडले. मग म्हणाले, "शेवट सांगेल. कुठल्याही एका सिनेमाचा शेवट. सांगितला तर न्यायची नाही."

ताईनं माझ्याकडे बघितलं. जणू मी हो म्हटलं तर तिला हो म्हणायला सोपं जाईल. मी पातेलं ओट्यावर ठेवलं. शेवटी तिनंच मान डोलावली.

पहिले दोन दिवस जावईबुवांनी नवे सिनेमे लावले. एकात एक माणूस अंतराळात एकटा तरंगत होता आणि पुढे काही घडतच नव्हतं. दुसऱ्यात एक बाई लिफ्टमध्ये अडकते. ती सुटली की नाही ते दाखवायच्या आतच पडदा काळा. काकांनी विचारलं, पुढे? तर जावई म्हणाला की शेवट प्रेक्षकावर सोडलाय. म्हणजे काम आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे, असं काका पुटपुटले. काकू तोवर झोपून गेलेल्या असायच्या. मग ताईनं फर्मान काढलं की आता जुनेच सिनेमे, आईच्या खिडकीच्या काळातले.

आणि तिथे एक गंमत सुरू झाली. सिनेमा शेवटाला आला, व्हायोलिनं चढू लागली, की काका स्टुलावरून उठायचे, खोलीचं दार उघडायचे, ते हातानं भिंतीला धरून ठेवायचे आणि बाहेर थंडगार पॅसेजमध्ये जाऊन उभे राहायचे. आपोआप. त्यांना कळायचंही नाही. खोलीतली सगळी ऊब भसकन बाहेर. ताई ओरडायची, "बाबा, दार." नातीनं तर आईला विचारलं की आजोबांना प्रत्येक सिनेमात शेवटीच शू का लागते. त्यावर काकू हसल्या. खदखदून हसल्या. आजारातलं हसू की खरं, ते कुणी कसं सांगावं? आम्ही सगळ्यांनी खरं धरलं.

काका रोज सिनेमा थांबवून विचारायचे. "आता पुढे काय होतं, सांग बघू." आणि वाट बघायचे. काकूंचे ओठ जुळायचे, सुटायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची. "ते," त्या म्हणायच्या. "ते." आणि डाव्या हाताची मूठ चादरीवर आपटायच्या. काका मॅडमची शिस्त पाळायचे. शब्द तोंडात घालायचे नाहीत. पण त्यांचे स्वतःचे ओठ हलत असायचे, लहान मुलाला घास भरवणाऱ्या आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसे.

मग एका दुपारी नावाड्याचा सिनेमा लागला.

हा काकांचा सर्वांत लाडका. याचं पोट त्यांना पाठ होतं. नावाडी, त्याची बायको, पलीकडच्या तीरावरची शाळा, वर चढत जाणारी नदी. नात आजोबांच्या स्टुलापाशी येऊन रेंगाळली होती म्हणून काका गादीवर उतरून बसले आणि ती त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली. पूर आला. संगीत चढायला लागलं. काकांचा गुडघा हलला.

"उठू नका," ताई कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

म्हणून ते बसून राहिले. उभ्या जन्मात पहिल्यांदा संगीत चढत असताना बसून राहिले. पडद्यावर नावाड्यानं शेवटचं पोर तीरावर ढकललं, नाव फिरवली, एक लाट आली आणि मग नुसतं पाणी. पुष्कळ वेळ नुसतं पाणी. तीरावरची त्याची बायको वळून घराकडे चालू लागली, आणि अक्षरं आली.

"पुढे?" काका म्हणाले.

"संपला," जावई म्हणाला.

"नाही, नाही. सकाळ होते. तो वाळूवर सापडतो. बायको धावत येते आणि अंगावरची शाल काढून त्याच्यावर घालते. हिरवी शाल."

जावई क्षणभर घुटमळला. "बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "सिनेमा काळा-पांढरा आहे."

 मग काका म्हणाले की ही कॉपी कापलेली आहे. जुन्या रिळांचं असंच होतं, शेवटचा तुकडा झिजतो आणि ऑपरेटर कापून टाकतात. जावयानं समजावलं की ही सगळी दुरुस्त करून काढलेली पूर्ण प्रत आहे. काकांनी ते कानाआड केलं. नातीचं डोकं उचलून उशीवर ठेवलं, पलंगापाशी गेले, आणि काकूंच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "नावाडी परत येतो ना गं?"

"हो," काकू म्हणाल्या. स्वच्छ. लगेच.

काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते ताईकडे वळले. "बघ. सांगितला की नाही शेवट? अगदी हाच सांगितला होता तिनं, नदीच्या रस्त्यावर, दुसऱ्या पुलापाशी."

ताई उठली. आईच्या पलंगावर बसली, तिचा डावा हात हातात घेतला. "आई, नावाडी बुडाला का?"

"हो," काकू म्हणाल्या. तोच स्वर. तेच अर्ध्या ओठांचं हसू.

त्यानंतरचे दोन दिवस काकांनी सिनेमे पाहिलेच नाहीत, फक्त शेवट पाहिले. जावयाकडून रिमोट शिकून घेतला आणि एकेक जुना सिनेमा पळवत पळवत टोकाला न्यायचे, खुर्ची पलंगाला लावून बसायचे. जेवायला उठायचे नाहीत. दोन बहिणींच्या सिनेमात धाकटी मोठीला माफ करते, असं काकूंनी सांगितलं होतं. सिनेमात ती दार लावून घेते. आंधळ्या गायकाच्या सिनेमात त्याला म्हणे मुलगा सापडतो; इथे तर त्याला मुलगाच नव्हता. एकही शेवट जुळेना. हे शेवट काकांनी कुठे कुठे सांगितले होते. दाढीच्या दुकानात सांगितले, ताईला झोपवताना सांगितले. एका शाळामास्तरांशी तर नावाड्यावरून वाद घालून त्यांनी बोलणं टाकलं होतं, ते मास्तर वारले तरी टाकलेलंच होतं.

जावयाला वाईट वाटत होतं. त्यानं तोडगा काढला की आईंनी दुःखाचे शेवट गोड करून सांगितले असतील, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. काकांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. संध्याकाळभर ते काकूंच्या उशाशी बसून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होते. पण दुसऱ्या दिवशी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा सिनेमा निघाला. सिनेमात म्हाताऱ्याचं दुकान वाचतं, मुलगा परत येतो, सगळी घड्याळं एकदम टोले देतात. काकूंनी सांगितलं होतं की दुकान जळतं आणि म्हातारा त्या राखेत बसून राहतो.

"तो शेवट ऐकून त्या रात्री मला घास उतरत नव्हता," काका म्हणाले. "हिनंच आग्रह करकरून भरवलं होतं."

मग गोड करून सांगायची होती तर हे काय होतं?  ताई कपडे घडी घालत होती. घडी घालता घालता, वर न बघता ती म्हणाली की आईचे पाय फार सुजायचे त्या काळात. कदाचित ती आत येतच नसेल. खिडकी बंद करून तिथेच स्टुलावर पाय वर घेऊन बसत असेल, आणि वाटेत मनानंच रचून सांगत असेल.

 काका तर नेहमीच बाहेर असायचे. आत, मागच्या भिंतीपाशी, अंधारात कोण उभं आहे हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "बॅटरी माझ्याच हातात होती," ते म्हणाले. "एकदा मागे वळवायला काय झालं होतं?"

मी सूप घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. दुपार होती, हीटरची तार लाल झाली होती, काचेवर बाहेरून धुकं बसलं होतं. टीव्ही बंद. काका काकूंच्या अगदी समोर बसले होते. मॅडमची शिस्त केव्हाच सुटली होती.

"तू आत यायचीस का?"

"हो."

"की नाहीच यायचीस? खरं सांग. मी रागावणार नाही."

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगायचीस?"

"हो."

"की मी वेडा आहे म्हणून? काहीही सांगितलं तरी हं हं करतो म्हणून?"

"हो." आणि त्या हसल्या. हसता हसता तोंड वाकडं झालं आणि त्या रडायला लागल्या. डावा हात वर करून त्यांनी काकांच्या कोटाचं बटण पकडलं आणि ओढलं. "ते," त्या म्हणाल्या. "ते. ते." काका म्हणाले, पाणी? हो. त्यांनी पाणी दिलं, ते गालावरून ओघळलं. पाठ दुखतेय? हो. त्यांनी उशी सरकवली. मी जाऊ का? हो. ते जायला उठले तर बटण सुटेना. काका उभेच राहिले, अर्धवट वाकून, जाताही येईना आणि बसताही येईना.

ताई दारात आली होती. "बाबा, बास," ती म्हणाली. "बास करा आता."

तिनंच आईची बोटं एकेक करून बटणावरून सोडवली.

त्या दिवसापासून काकांनी विचारणं सोडलं. सिनेमे लागत राहिले, कारण सुट्टी उरली होती आणि बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. कुणी ते मधे थांबवायचं नाही. नावाड्याचं नाव कुणी काढायचं नाही. काका स्टुलावर बसायचे आणि शेवट आला की उठायचेही नाहीत, बघायचेही नाहीत. नवे सिनेमे त्यांना आता बरे वाटायचे. त्यांचे शेवट निदान कुणी सांगितलेले नव्हते. ताईनं आईची बॅग भरायला घेतली तेव्हा त्यांनी लोकरी मोजे शोधून दिले, औषधाच्या डब्या लावून दिल्या. ठरलेल्या शर्तीबद्दल दोघंही बोलले नाहीत. मी एकदा काकांना एकटं गाठून म्हटलं की तुम्ही ठाम नाही म्हणा, नेऊ देऊ नका. तर त्यांनी मलाच विचारलं, "आणि तिथे गेली असती तर बोलली असती, असं पुढे निघालं तर?"  

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी जावयानं गाडी दारापाशी आणली. काकूंना खुर्चीसकट उचलून जिन्यानं खाली आणताना चार जण लागले. मी खुर्चीचा एक पाय धरला होता. मागच्या सीटवर उशा रचून त्यांना बसवलं, पट्टा लावला, पायावर दोन पांघरुणं. नात पुढे बसली. काका खिडकीशी वाकून ताईला एकेक सांगत होते. उजव्या कुशीवर झोपवू नकोस. चहा गार करून दे, नाहीतर तोंड भाजतं आणि तिला सांगता येत नाही. बटण ओढलं तर... इथे ते थांबले. बटण ओढलं तर काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात काकू बोलू लागल्या.

शब्द तेच दोन. पण बोलणं ते नव्हतं. "ते," त्या हळू म्हणाल्या, आणि मग "ते ते ते, ते," उतरत्या आवाजात, काहीतरी दुरून येतंय असं दाखवावं तसं. डावा हात उचलून त्यांनी हवेत काहीतरी आडवं ओढलं. मग थांबल्या. काकांच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"हं," काका म्हणाले. "मग?"

"ते," काकू म्हणाल्या, घाईघाईनं, आणि पुढे सलग, चढत, वळत, मधेच कुजबुजत. एखाद्याचं बोलणं वेगळ्या आवाजात, दुसऱ्याचं वेगळ्या. पुन्हा थांबल्या. हनुवटी पुढे.

"मग?"

"हो," त्या म्हणाल्या, अशा काही आवाजात की माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी मेलं होतं किंवा कुणीतरी परत आलं होतं.

जावयानं इंजिन चालू केलेलं होतं. गाडीच्या मागून पांढरी वाफ निघत होती. ताई दुसऱ्या बाजूचं दार धरून उभी होती, आणि तिला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच ती लगेच बसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "शेवट सांगतेय का ती?"

काकांनी एकदा हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, हो म्हणा.

"कळत नाही गं," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"एक अक्षर नाही."

"मग हं हं कशाला करताय?"

"थांबली तर?" काका म्हणाले.

 ताई गाडीत बसली आणि आईच्या अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. वारा आत येत होता म्हणून जावयानं पुढून बटण दाबलं आणि मागची काच वर चढली. काकांनी बोटं काढून घेतली. आत काकूंचं तोंड हलत होतं, हात वर जात होता, खाली येत होता. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. गाडी निघाली, तसे काका तिच्या बाजूनं चार पावलं चालले, काचेकडे बघून मान हलवत.